वाघिणींचं वंगण

॥ श्री ॥
अकोला, आश्विन वद्य ५, शके १७८९

तीर्थस्वरूप नत्थुभाऊंच्या सेवेशी,
शालिकरामचा शि. सा. न. वि. वि. इकडे मी बरा आहे. दोन महिने तुमची, वहिनींची आणि माझ्या पोरीची, चि. जयवंताची खुशाली नाही. रागावलात की कामात बुडालात, एवढं तरी कळवावं.

कापसाचा हंगाम तोंडावर आला आणि इथे आम्हाला पाठ टेकायला सवड नाही. मालाच्या डब्याला इकडे वाघीण म्हणतात. विलायतेच्या लाकडाच्या या वाघिणी आपल्या उन्हात दोन उन्हाळेसुद्धा धड काढत नाहीत. फळ्या फाटतात, खिळे सैल होतात, दारं लोंबायला लागतात. नवी यायला आठ महिने लागतात, म्हणून आमचा साहेब म्हणतो की आहेत त्याच चालवा. मग मी मेळघाटचं सागवान चिरून तिला तळापासून उभी करतो. मोडीत काढायची ठरलेली एक वाघीण परवा चाळीस गाठी पोटात घेऊन मुंबईकडे गेली. तुम्ही पाहिली असती तर नावं ठेवायला दोन तरी जागा शोधल्या असत्या, पण मनातून खूश झाला असता.

एक गोष्ट मात्र सलते. वाघीण दुरुस्त झाली की चाकांच्या आसावरच्या लोखंडी पेट्यांत वंगण भरावं लागतं, आणि ते जनावराच्या चरबीचं असतं. एरवी हे काम उकर्डा नावाचा माणूस करतो. पण दुरुस्ती ज्याची, पहिलं वंगणही त्याच्याच हातचं, असा साहेबाचा नवा हुकूम आहे. मी राखेनं तीनदा हात धुतो, तरी जेवताना वास येतो.

जयवंताच्या एलिचपूरच्या स्थळाचं कुठवर आलं? तिची आई गेल्यावर वहिनींनी तिला पोटाशी धरलं नसतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा ही विनंती.

आपला धाकटा,
शालिकराम


॥ श्री ॥
अमरावती, कार्तिक शुद्ध २, शके १७८९

चि. शालिकराम यास नत्थुजीचे अ. आ. वि. वि. तुझं पत्र आलं. मी रागावलो नव्हतो, आता रागावलो आहे.

चरबीची गोष्ट तू मला लिहिलीस, पण त्याआधीच ती एलिचपूरला पोचली होती. मुलाचे वडील केशवराव परवा आले. पाणीसुद्धा न घेता ओट्यावर बसले आणि म्हणाले की तुमचा भाऊ कशात हात घालते ते आमच्या कानी आलं, अशा घरची पोरगी आमी कशी करावं? मी पुष्कळ समजावलं. शेवटी एवढ्यावर आले की तू दिवाळीपासून चरबीला शिवला नाहीस आणि पुढेही शिवणार नाहीस अशी शपथ अंबादेवीपुढे पंचांसमक्ष घ्यावीस. तरच माघात लग्न, नाहीतर दुसरीकडे बघा. जयवंता आतून ऐकत होती. तेव्हापासून ती धड जेवत नाही, आणि तुझी वहिनी माझ्यावरच डाफरते.

अरे, सुताराच्या पोरानं वंगणासाठी जनावरांच्या चरबीकडे बघावं? आपल्या वडिलांच्या हातचं वंगण घालून गाड्या अमरावतीहून खामगावला जाऊन येत आणि कुरकुरत नसत. एरंडेल, काजळी आणि कुटलेला ताग, बस. मी दोन घागरी भरून गाडीवानाबरोबर पाठवतो आहे. तुझ्या वाघिणींना तेच घाल. चाक म्हणजे चाक, ते बैलानं ओढलं काय आणि इंजनानं ओढलं काय!

वहिनीचा आशीर्वाद. आमच्यावर जीव ठेवून वाग, हेच मागणं.

नत्थुजी


॥ श्री ॥
अकोला, कार्तिक वद्य १०, शके १७८९

तीर्थस्वरूप भाऊंच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि. घागरी पोचल्या. वाटेत गाडीवानानं स्वतःच्या गाडीला चार बोटं लावलेली दिसतात, कारण तो फार गुण गात होता.

दिवाळीपासून चरबीला शिवलो नाही, पण आठ दिवस मी घागरींनाही हात लावला नाही. उकर्ड्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मिस्तरी, हे नका करू. चरबी पेटीत घट्ट बसते आणि आस तापला की लागेल तेवढीच वितळते. तुमचं तेल पातळ आहे, पाच-दहा कोसांत गळून जाईन. त्याचं म्हणणं मला पटत होतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण मग जयवंता जेवत नाही ही ओळ आठवली.

शेवटी एका वाघिणीच्या पेट्या पुसून आपलं वंगण भरलं. चार माणसांनी ती आवारात ढकलली. मी चाकाशी कान लावून चाललो, तर कुठे कुरकुर म्हणून नाही. आजवर अशा सात वाघिणी झाल्या. त्या इथून बडनेऱ्यापर्यंत जातात, कापूस घेऊन परत येतात, आणि आल्या की मी स्वतः पुन्हा पेट्या भरतो. ठेसनात येणाऱ्या गाड्यांना वंगण घालणं उकर्ड्याकडे असतं, म्हणून त्याला सांगून ठेवलं आहे की माझ्या सात वाघिणींना तू हात लावू नकोस, नाहीतर तेलात चरबी मिसळेल आणि माझी शपथ खोटी होईल. तो म्हणाला की पोरीसाठी करून राहिले तर ठीक आहे, मी नाही कोणाले सांगत.

मुलीला सांगा की बाप शपथ घेईल, तिनं पोटभर जेवावं. आपल्या मायेत अंतर पडू नये.

शालिकराम


॥ श्री ॥
अमरावती, मार्गशीर्ष वद्य १२, शके १७८९

चि. शालिकराम यास अ. आ. वि. वि. शपथेचा दिवस ठरला, पौष पौर्णिमा; ती पार पडली की माघ शुद्ध दशमीला लग्न. पंच येतील, एलिचपूरची मंडळी येतील. तीन दिवसांची सुटी काढ आणि चतुर्दशीलाच ये. तुझा साहेब नाही म्हणाला तर त्याला सांग की मोठा भाऊ मरायला टेकला आहे. मी तेवढे दिवस कण्हून दाखवीन.

आमच्याकडे काम बरं आहे. कापसाचे भाव उतरले अशी ओरड आहे, तरी बडनेऱ्याच्या वाटेवर गाड्यांची रीघ मोडत नाही. जयवंता जेवू लागली आहे. काल भाकरी करपली म्हणून वहिनीनं तिला टोकलं, तर म्हणे आता थोडेच दिवस बोलून घ्या. ऐकून तुझी वहिनी चुलीपुढे रडत बसली. बायकांचं मला काही कळत नाही.

येताना स्वच्छ धोतर आण. तुझ्या वाटेकडे डोळे आहेत.

नत्थुजी


॥ श्री ॥
अकोला, पौष वद्य ४, शके १७८९

तीर्थस्वरूप भाऊंच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि. हे पत्र एकट्यानं वाचा.

देवीपुढे मी शपथेचा बेलभंडार उचलला, केशवरावांनी मला मिठी मारली, तुम्ही पेढे वाटलेत. त्याच दिवशी दुपारी माझ्या सातांपैकी एक वाघीण बडनेऱ्याहून भरून निघाली. मी अमरावतीत असल्यामुळे तिच्या पेट्या कोणी भरल्या नव्हत्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे आस तापून लाल झाला आणि तुटला. वरची रुई पेटली. मागच्या वाघिणीवर ब्रेक धरून बसणारा गोवर्धन आगीत सापडून मेला. सत्तावीस वर्षांचा होता.

वंगण कोरडं पडलं तरी आस कुरकुरला नसणार, भाऊ. मी आवाज ऐकत बसलो, आणि हा नुसता तापत जातो. बैलगाडी पावलागणिक थंड होते. या गाडीला थंड व्हायला सवडच नसते. उकर्ड्यानं मला हेच सांगितलं होतं.

साहेबानं जळकी पेटी उघडली तर आत ओलावा नाही. त्यानं काढलेला अर्थ सरळ आहे की उकर्ड्यानं ठेसनात चरबी घातली नाही. शिपायांनी त्याला धरून नेलं. तो त्यांना एवढंच म्हणाला की हो, मी नाही घातली. का नाही घातली ते त्यानं सांगितलं नाही.

आल्याबरोबर मी उरलेल्या सहा वाघिणी शोधल्या. दोन इथे होत्या, चार बडनेऱ्याला. सगळ्या पेट्या धुऊन त्यांत चरबी भरली. या हातांनी भरली. देवीपुढच्या शपथेला दोन दिवससुद्धा झाले नव्हते.

उद्या साहेबाकडे जाऊन खरं सांगावं असं मनात आहे. तुमचा शब्द आल्याशिवाय जात नाही. पाठीशी राहा.

शालिकराम


॥ श्री ॥
अमरावती, पौष वद्य ७, शके १७८९

चि. शालिकराम यास अ. आ. वि. वि. पत्र वाचून जाळलं. तुझ्या वहिनीला काही कळू दिलेलं नाही.

तू साहेबाकडे जाणार नाहीस. मी मोठा आहे म्हणून हुकूम करतो, आणि हुकूम चालत नसेल तर पाया पडतो. खरं सांगितलंस तर तू तुरुंगात जाशील आणि वंगणाची गोष्ट गावभर होईल. नंतर चरबीला हात लावलास हेही बाहेर येईल. केशवराव नारळ परत पाठवतील. खोट्या शपथेवर मोडलेल्या लग्नाची पोर पुन्हा कोण करणार? तिला जन्मभर माझ्या ओट्यावर बसलेली बघायची माझी छाती नाही.

माघ शुद्ध दशमीला लग्न आहे. तेवढे दिवस तोंड मिटून राहा. एकदा पोरगी सासरी गेली की एकादशीला तू खुशाल जा, मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. त्या माणसाला वीस-पंचवीस दिवस कोठडीत काढावे लागतील, पण तो जिवंत सुटेल. वंगण माझ्या हातचं होतं. पाप मोजायचंच असेल तर माझ्या नावावर घाल आणि गप्प बस.

मला नीट झोप नाही. तरी तुझ्यावरची माया कमी झाली असं समजू नकोस.

नत्थुजी


॥ श्री ॥
अकोला, पौष वद्य १३, शके १७८९

तीर्थस्वरूप भाऊंच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि. तुमचा हुकूम मानला. मानला याचं समाधान नाही.

उकर्ड्याला तीन महिन्यांची सजा झाली. कचेरीबाहेर मी गर्दीत मागे उभा होतो. त्याला नेताना आमची नजरानजर झाली आणि त्यानं मान हलवली. नको म्हणाला की ये म्हणाला, ते मला समजलं नाही. त्याची म्हातारी आई पार्बताबाई रोज आवाराच्या फाटकाशी येऊन बसते. तिला कोणीतरी सांगितलं आहे की साहेबाचं मन वळलं तर सजा कमी होते. साहेब आला की ती उठून उभी राहते. मी दुसऱ्या वाटेनं आत जातो.

हातात एक वाघीण आहे. तिचा तळ पार कुजला आहे, पण वरचा सांगाडा चांगला आहे. नीट केली तर आणखी दहा वर्षं चालेल. कामात जीव लागत नाही, तरी हात आपोआप चालतात.

मी दशमीच्या आधी चार दिवस येतो. एकादशीला परत निघेन, तेव्हा मला अडवू नका आणि बरोबरही येऊ नका. जयवंताला माझ्या हातून हळद लावून घेऊ नका, एवढं वहिनींना काहीतरी निमित्त काढून सांगा. क्षमा असावी.

शालिकराम


॥ श्री ॥
अकोला, माघ वद्य १, शके १७८९

तीर्थस्वरूप भाऊंच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि. इथे पोचलो आणि थेट साहेबाकडे गेलो. कारकुनानं माझं बोलणं साहेबाला समजावून दिलं. पेट्यांत काय होतं, कोणी भरलं, उकर्ड्याला कोणी मना केलं, सगळं सांगितलं. साहेबानं खूप वेळ कागद चाळले. मग कारकून म्हणाला की मिस्तरी, तुरुंगात पटकीची साथ आहे, तो माणूस अष्टमीला गेला.

अष्टमीला आपण मांडव घालत होतो. मी खांबाला आंब्याचे टहाळे बांधत होतो आणि तुम्ही खालून सांगत होतात की वाकडे झाले.

साहेबानं मला धरलं नाही. मेलेल्या माणसाचा निकाल आता फिरवायचा नाही आणि हंगामात सुतार गमवायचा नाही, असं त्याचं म्हणणं. कुजक्या तळाची वाघीण चार दिवसांत द्यायची आहे, तेव्हा कामाला लागा, असं सांगून त्यानं मला बाहेर काढलं. मला तुरुंग हवा होता, भाऊ. तोही मिळाला नाही.

मग पार्बताबाईच्या घरी गेलो. उंबऱ्याबाहेर बसून तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती दगड उचलेल, निदान शिव्या देईल. ती म्हणाली की मले ठाऊक होतं. ती त्याला भेटायला गेली होती, तेव्हा त्यानंच सांगितलं होतं की माय, कोणाजवळ बोलू नको, मिस्तरीच्या पोरीचं लगन दशमीले हाय. ते होऊ दे, मंग मिस्तरी येतेच मले सोडवाले. शपथेसाठी सुटीवर निघताना ती तिथी मीच त्याला सांगितली होती. मेला त्या दिवशी सकाळीसुद्धा त्यानं पहारेकऱ्याला विचारलं म्हणे की आज तिथी कोणती.

आता चरबीचं काम मी मागून घेतलं आहे. उकर्ड्याच्या जागेवर उभा राहतो आणि त्याच्या आईला भाकर नेऊन देतो. केशवरावांना कळेलच. कळण्याआधी त्यांना सांगा की शालिकराम मेला. सुतकाचे दिवस पाळा, म्हणजे जयवंताला कोणी बोल लावणार नाही. यापुढे पत्र नको.

मी उठलो तेव्हा म्हातारी दारापर्यंत आली. मी काही मागेन असं तिला वाटलं असावं. मग तिनंच विचारलं की लगन नीट झालं ना? पोरगी खूश हाय ना?

हो म्हणालो.

शालिकराम