जुनी फ्लॉपी द्या, नवी न्या

कुपवाड, सांगली
ता. १८ नोव्हेंबर १९९८, बुधवार

प्रिय वसीम यास,

जय भीम आणि सलाम. बेंगलोरची हवा तुला आणि कशिशला मानवली असेल. इकडं दिवाळीनंतर थंडी पडली आहे. आण्णांचा खोकला वाढलाय, पण सुपारी काही सुटत नाही. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. कामाच्या गडबडीत उत्तर राहिलं असं लिहिलं होतं, पण तुला ते पटणार नाही म्हणून खोडलं.

आपल्या ‘पाववाला’ खेळाचा दुसरा भाग गणपतीत काढला. तू इथलं काम सोडून गेलास तेव्हा स्टँडवर मला बजावलं होतंस, "एक जरी मानूस पयला भाग खेळत आसंल, तर त्यो बंद करायचा न्हाई गड्या." मी मान हलवली होती. पण खरं सांगू? लांब जाऊन बसणाऱ्याला असं बोलायला काय जातं, असंच मला तेव्हा वाटलं. सहा वर्षांचा खेळ. कॉम्प्युटर क्लासवाले एकेक करून नवी मशीनं घ्यायला लागलेत. त्या वेगवान मशीनवर खेळातल्या पाववाल्याची, म्हणजे तुझ्या अब्बांची, आमच्या याकूबचाचांची सायकल अशी सुसाट सुटते की कुत्रं मागं लागायच्या आत गाव संपतं! साताऱ्याच्या एका क्लासात पोरं खदाखदा हसत होती. जन्मभर पावाची पेटी घेऊन वडूजभर फिरलेल्या माणसाला असं हसलेलं मला बघवलं नाही. खेळ थकला की त्याला मानानं घरी बसवावं, एवढंच माझ्या मनात होतं.

मग मी बोहारणीची युक्ती काढली. जुनी फ्लॉपी द्या, नवी न्या. खंडाळ्यापासून शिराळ्यापर्यंत सगळ्या क्लासांतून खोकी आली. जुनं पुसायचं, त्याच फ्लॉपीवर दुसरा भाग भरायचा, वर नवं लेबल चिकटवायचं. आठ दिवस मी स्वतः बसून ते केलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

आता तू मागितलेल्या फ्लॉपीविषयी. कशिशनं सासऱ्यांना कधी पाहिलेलं नाही, तिला खेळातले चालते-फिरते अब्बा दाखवायचेत, असं तू लिहिलंस. बरोबर आहे. मतदानकार्डावरच्या फोटोत चाचा फरारी आरोपी दिसतात, आणि दुसरा फोटो घरात नाही.

वसीम, ती फ्लॉपी नाही. एकही नाही.

इथलं मशीन मी विंडोज घालताना पुसलं. एक प्रत वडूजला आमच्या दीपमालाच्या क्लासात आहे, या भरवशावर पुसलं. तिला वाटलं, मूळ दादाकडं असणारच, म्हणून तिनंही आपली फ्लॉपी खोक्यात घालून पाठवली. लेबलावर तुझं अक्षर होतं. ते मी वाचलं आणि त्यावर नवं लेबल चिकटवलं.

एवढ्यावरच थांबणार होतो. पण एक गोष्ट राहते. दीपमालाच्या जुन्या मशीनवर चाचा त्यांच्या नेहमीच्या चालीनं सायकल मारायचे. दर बाजारच्या दिवशी तुझी आई भाजीची पिशवी घेऊन तिथं येऊन बसायची. दीपमाला बटणं दाबायची, चाची बघायची. हे मला दीपमालानं दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. चाची कुठं खेळते, नुसती बघते, अशी मी स्वतःची समजूत घातली. वसीम, मला माहीत होतं.

दुसरा भाग दीपमालाच्या मशीनवर चालेना, म्हणून गेल्या आठवड्यात ती चाचीला एस.टी.नं इथं घेऊन आली. मी रंगीत पडद्यावर नवा पाववाला लावला. तो स्कूटरवर असतो, सांगलीच्या एका पेंटरनं काढलाय. चाची पदर सावरून बराच वेळ बघत राहिली.

"चांगला हाय रं. पन ह्यो कोन?"

"आवं, चाचाच की. नवं."

"न्हाई. त्येंचा डावा गुडघा भाईर आसायचा. जुनं लाव की."

मी म्हणालो, "शोधतोय चाची."

"शोध सवडीनं. मी यीन परत."

जाताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

तू पुन्हा काढून दे, असं म्हणायला जीभ रेटत नाही. चाचा अंगणात सायकल पुसत होते आणि तू समोर उकिडवा बसून काढत होतास. मी तिथंच होतो. आता समोर कुणाला बसवणार?

रविवारी मी वडूजला जातोय. चाचीला सगळं सांगणार आहे, मला माहीत होतं हेसुद्धा. तिच्या तोंडून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून आज लिहिलं. चाचांच्या जनाज्याला आपण दोघांनी खांदा दिला होता. या वेळी मी कुणालाच बोलावलं नाही.

चाचांना दुसऱ्यांदा माती देणारा,
मिलिंद