माझ्या मापाची रायफल

३ सप्टेंबर

निर्णय झाला. स्वतःची रायफल बांधून घेणार. कस्टम. एल्कसाठी.

ऑफिसात माझ्या समोर बसणारा वाउटर दर ऑक्टोबरात मित्रांबरोबर स्वीडनला एल्क हरणांच्या शिकारीला जातो. आज जेवताना म्हणाला, त्यांच्यातल्या एकाचा गुडघा गेला, पुढच्या वर्षी एक जागा रिकामी आहे. मी म्हटलं, मी येतो. तो हसला. म्हणजे ठरलं.

डच लोकांच्या या देशात येऊन अकरा वर्षं झाली. ‘जागा आहे’ असं मला इथे ट्रेनमध्येसुद्धा कुणी म्हटलेलं नाही.

४ सप्टेंबर

बायकोला, विशाखाला, ती शिवणाच्या दुकानातून आल्यावर सांगितलं. दिवसभर आमच्या नीउ-व्हेनेप गावातल्या लोकांच्या पँटी आखूड करून ती दमलेली असते, त्यामुळे उत्साह कमी पडला. म्हणाली, मागच्या आठवड्यात बाथरूममध्ये कोळी निघाला तेव्हा तू मला हाक मारलीस. मी म्हटलं, कोळ्याची गोष्ट वेगळी. एल्क भिंतीवर चढत नाही.

रेडीमेड रायफल का नको? कारण माझे हात आखूड. जन्मात एक रेडीमेड शर्ट मला बाहीला बसलेला नाही. मग बंदूक कशी बसेल? विशाखाकडूनच टेपने माप घेतलं, कोपरापासून बोटापर्यंत. तिने विचारलं, कफ ठेवायचा का?

दुर्लक्ष केलं.

२० सप्टेंबर

दोन आठवडे कसून अभ्यास. इंटरनेटवर अमेरिकन शिकारी गोळीच्या आकारावरून जे भांडतात, ते पाहून आमच्या सोसायटीच्या पार्किंगची आठवण झाली. मी मोठ्यात मोठ्या गोळीच्या बाजूने आहे.

एक किरकोळ अडचण. अमेरिकेतला एल्क वेगळा आणि वाउटरचा वेगळा. वाउटरचा म्हणजे फावड्यासारख्या शिंगांचा, घोड्यापेक्षा उंच. त्याला डचमध्ये ‘एलांड’ म्हणतात. आमच्या शिवांगीने सांगितलं. ‘एल्क’ला डचमध्ये ‘प्रत्येक’ असा अर्थ आहे, हेही तिनेच सांगितलं आणि सांगताना सोफ्यावरून खाली पडली. चौदा वर्षांच्या मुलीला हे शोभत नाही.

ऑफिसात आवर्जून डच बोलायचं असा यंदा माझा संकल्प आहे. म्हणजे गेले दोन आठवडे मी जो भेटेल त्याला हसतमुखाने ‘मी प्रत्येकाला गोळी घालणार’ असं सांगत होतो. एचआरच्या बाईंनी परवा सहज कॉफीला का बोलावलं, त्याचा उलगडा झाला.

प्राणी मोठा निघाला हे एका अर्थी चांगलंच. नेम चुकणं अवघड.

५ ऑक्टोबर

परवान्याशिवाय इथे रायफलच काय, तिची नुसती नळीही मिळत नाही. परवान्यासाठी कोर्स, परीक्षा, पोलिसांची चौकशी. विशाखा म्हणाली, मग विषय संपला ना?

संपला नाही. लाकडाला परवाना लागत नाही! आधी खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता करणार. रायफल मागून येईल.

वाउटर म्हणाला की साधारणपणे उलटं करतात, आधी नळी आणि मग तिच्याप्रमाणे दस्ता. मी म्हटलं, साधारणपणे.

अक्रोडाची सुरेख फळी मिळवली. शेजाऱ्यांच्या पेटीवाल्या सायकलवरून आणली. पेटीत त्यांच्या पोराचं बिस्कीट विरघळलेलं होतं, फळीला थोडं लागलं. पॉलिशमध्ये जाईल.

१६ नोव्हेंबर

दर शनिवारी शिकारीचा कोर्स. शिकवायला ट्रूसबाई. साठीच्या, आवाज लष्करी. सगळं डचमध्ये. आजचा धडा हंस. हंसांचे इतके प्रकार असतात! सरस्वतीने नेमका कुठला घेतला होता कोण जाणे.

एल्कवर अक्षर नाही. मी हात वर करून विचारलं. ट्रूसबाई म्हणाल्या, आपल्या देशात एल्क नाहीत. वर्ग हसला. मीही हसलो, म्हणजे कुणावर हसतायत ते कळू नये.

हंस-बदकं ऑप्शनला टाकतो. शक्ती वाचेल.

१२ जानेवारी

दुर्बीणही परवान्याशिवाय मिळते! रायफलवर बसवायचीच, जर्मन बनावटीची, काय स्वच्छ दिसतं! तूर्त रायफल नसल्याने स्टँडवर लावून वरच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. कालव्यापलीकडे सराव केला. एक बगळा, एक मांजर, मग समोरच्या बाई. इथली माणसं पडदे लावत नाहीत, त्याला मी काय करणार? बाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला. चांगले शेजारसंबंध महत्त्वाचे.

२१ जानेवारी

घरी आमच्या भागाचा पोलीस आला. तरुण, सायकलवरून. समोरच्या बाईंनी कळवलं होतं. विशाखाने चहा आणि चिवडा दिला. दुर्बिणीतून काय बघता, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, एल्कची तयारी. तो खिडकीतून बाहेर बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, स्टँड दुसऱ्या खोलीत हलवा.

परवान्याच्या वेळी ही ओळख उपयोगी पडेल. चिवडा त्याने दोनदा घेतला.

विशाखा समोरच्या बाईंसाठी पडदे शिवत बसली आहे.

१५ मार्च

दस्ता जवळजवळ तयार. पूर्ण हिवाळा शेडमध्ये घासतोय. उजव्या गालाखाली येणारा उंचवटा तर असा साधलाय की त्यावर झोप लागावी. जवसाचं तेल दिलं. शिवांगीने विचारलं, बॅट आहे का? मी तिला दस्त्याच्या वक्ररेषेचं सौंदर्य समजावून सांगितलं. ती म्हणाली, डू नॉर्माल, बाबा. म्हणजे जरा नीट वाग. इथे प्रत्येक बापाला हे ऐकावं लागतं.

वाउटरला फोटो दाखवला. त्याने मोठा करून पाहिला आणि म्हणाला, लाकूड सुंदर आहे.

१२ एप्रिल

पहिल्यांदा नेमबाजीच्या मैदानावर. भाड्याची बंदूक, हवेत उडणाऱ्या मातीच्या बशा. बशा सुखरूप उतरत होत्या. खांदा जांभळा.

मग ट्रूसबाईंनी अंगठा पुढे धरून एकेक डोळा मिटायला लावला. निष्कर्ष असा की माझा डावा डोळा प्रबळ आहे, तेव्हा मी बंदूक डाव्या खांद्याला लावायला हवी. दस्ता उजव्या गालासाठी कोरलाय हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, चाप ओढताना तुम्ही दोन्ही डोळे मिटता, त्यामुळे कुठला डोळा हा प्रश्न तूर्तास गौण आहे.

मी एकाग्रतेसाठी मिटतो. घरी बोललो नाही.

७ मे

लेखी परीक्षेत नापास. हंस आणि बदकं. एल्कवर एकही प्रश्न नाही; विचारला असता तर चित्र वेगळं असतं.

आता यंदा परवाना नाही. वाउटरला सोमवारी सांगतो.

१९ मे

वाउटर कामात होता. पुढच्या सोमवारी.

३ जून

सांगावंच लागलं. स्वीडनला प्रत्येकाचे कागद पाठवायचे आहेत. मी म्हटलं, परवाना तांत्रिक कारणाने लांबलाय. तो पाव खात होता, खातच राहिला. आता म्हणेल, जागा दुसऱ्याला देतो. मी पोळीचा डबा बंद केला.

मग म्हणाला, जनावर उठवायला माणसं लागतातच. ये.

हाकारा! खरं कौशल्य तिथेच असतं. बंदूकवाला नुसता उभा असतो.

विशाखाला सांगितलं. म्हणाली, म्हणजे रानात ओरडत फिरायचं? हे जमेल तुला. मग कपाटातून माझा जाड पायमोजा काढून ती त्याची विरलेली टाच रफू करायला बसली. याला कुणी ‘तयारी’ म्हटलं नाही, पण मला बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर, स्वीडन, संध्याकाळ

लाकडी केबिन, मला धरून सहाजण. सकाळी मला केशरी जाकीट आणि वॉकीटॉकी दिली. सूचना सोपी होती. रांगेत चालायचं, ओरडायचं, शेजारचा माणूस नजरेआड होऊ द्यायचा नाही.

मी ‘हाट् हाट्’ असं ओरडलो. सगळ्यांना आवडलं. दोघांनी उचललंसुद्धा.

मग दलदलीत बूट रुतला. तो उपसेपर्यंत रांग पुढे गेलेली. दिशा मी अंदाजाने ठरवली. माझा अंदाज सहसा चुकत नाही. एका मोकळ्या जागेत निघालो. धुकं होतं.

आणि समोरच्या बर्चच्या झाडांमधून ती आली. मादी. मागे पिल्लू.

इतकं उंच काही चालत असेल असं वाटलं नव्हतं. सगळे व्हिडिओ खोटे. नाकातून वाफ येत होती. ओल्या गोठ्यासारखा वास. तिने कान माझ्याकडे वळवले. पिल्लू माझ्या चिखलाच्या बुटाकडे बघत होतं. आता मी ओरडायचं होतं. नेमकं त्यासाठीच मला आणलं होतं.

आवाज बसला होता. सकाळपासून ओरडल्यावर बसतोच.

ती वळली आणि आली होती त्याच बाजूला पिल्लाला घेऊन गेली. घाई नाही की काही नाही. मी तिथेच होतो. वॉकीटॉकीवर वाउटरने विचारलं, काही दिसलं का? मी डचमध्ये म्हटलं, ‘ने’. नाही.

आज कुणालाच काही मिळालं नाही. जेवताना मी वाऱ्याच्या दिशेबद्दल थोडं बोललो.

१४ ऑक्टोबर

सकाळी वाउटरने मला लाकडं आणायच्या निमित्ताने बाहेर नेलं. म्हणाला, शिरीष, काल त्या मोकळ्या जागेच्या कडेला माझीच बैठक होती. रायफल खांद्याला लावलेली होती. पण तिच्या बरोब्बर मागे केशरी जाकीट होतं, म्हणून थांबलो.

मी म्हटलं, मी वारा तपासत होतो.

तो म्हणाला, हात जोडून?

मला आठवत नाही. जोडले असतील. थंडी होती.

वाउटर रागावला नाही. रागावला असता तर सोपं गेलं असतं. म्हणाला, बाकीच्यांना मीही काही दिसलं नाही असंच सांगितलंय. आज तू केबिनमध्ये थांब. पोतंभर बटाटे आहेत. मग माझ्या खांद्यावर थाप मारली. डाव्या. उजवा त्या मातीच्या बशांपासून अजून दुखतो हे त्याच्या लक्षात असावं.

सगळे रानात गेलेत. मी बटाटे सोलतोय. साल पातळ निघतंय. रस्सा करीन. मोहरी नाही, पण जिरं विशाखाने बॅगेत टाकलंय.

दुपारी लांबून बार ऐकू आला. एकच.

ती नसणार. ती विरुद्ध दिशेला गेली होती, मी स्वतः पाहिलंय. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

हातातला बटाटा परत सोलायला घेतला. मग लक्षात आलं, तो सोललेलाच होता.