डाव्या हाताचा ओटा

११ जानेवारी २००२, शुक्रवार
सकाळी चहा पिताना अण्णांनी सांगून टाकलं. घराला गिऱ्हाईक ठरलं. अण्णा आणि वैनी मुलीकडं बेळगावला कायमचे जाणार. घर आम्हा दोघा भावांच्या नावावर, जिना एक, मोरी एक, वाटणी करायची तरी कशी? घेणारा पाडून दुकानं बांधणार आहे. पाडव्याच्या आत ताबा पाहिजे म्हणतो.
"तुझं बावड्याचं घर हाय की, सदा," अण्णा म्हणाले. "डागडुजी करून घे."
मी मान हलवली. अण्णांपुढं आजवर दुसरं काही केलेलं नाही.
शालिनी आत भाकरी थापत होती. सगळं ऐकलं असणार. थापायचा आवाज मधेच थांबला, परत सुरू झाला.

१२ जाने., शनि.
ऑफिसात लक्ष नाही. डेपोच्या ड्यूटी-पत्रकात एका कंडक्टरचं नाव दोनदा लिहिलं. साहेब बोलले.
शा.चा उजवा डोळा काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वीच गेला. डाव्यानं नळीतून बघितल्यासारखं थोडं दिसतं, तेही कमी होत चाललंय. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. तरी ती या घरात कुणाला जाणवू देत नाही. सत्तावीस वर्षं झाली इथं. पीठ कुठं, तिखट कुठं, बटण कुठं, सगळं हाताला ठाऊक. पाहुण्यांना कळतसुद्धा नाही. शिवण तेवढं दिवाळीपासून बंद.

१४ जाने., सोम. संक्रांत
बसू आला. शा.चा धाकटा भाऊ, माहेरी नेसरीला शेती. गुळाची ढेप घेऊन आला. घराचं ऐकल्यावर लगेच म्हणाला, "ऊस कारखान्याला गेलाय, हात मोकळे हाईत. अक्काचं घर मी करून देतो. दाजी, तुम्ही नुसतं बघा." नेसरीचं त्याचं स्वतःचं घर त्यानंच गवंड्याच्या बरोबरीनं उभं केलंय. शा. किती दिवसांनी हसली. मलाही जरा धीर आला. एवढं कोण करतं आजकाल.

२० जाने., रवि.
बसूबरोबर बावड्याला. भाडेकरू गेल्यापासून घर बंद होतं. पत्रा गळका, भिंतीला ओल, मोरी परसात. दोन खोल्या आणि स्वैपाकघर. कारखान्याकडून मळीचा वास येत होता. बसू दोरी घेऊन मापं घेत फिरत होता, आपल्याशीच बोलत. मला म्हणाला, मोरी आत घेऊ, अक्काला बाहेर जायला नको. मला हे सुचलंच नव्हतं.

२७ जाने., रवि.
आज शा.नं मला वही घेऊन बसवलं. म्हणाली, "मी चालतो, तुम्ही लिहा." पलंगापासून मोरी नऊ पावलं. दारातून आत गेलं की डाव्या हाताला ओटा. ओट्याच्या पलीकडच्या टोकाला पाणी. बटणं खांद्याच्या उंचीला, सगळी दाराच्या उजवीकडं. उंबरा कुठंच नको, पायरी नको. फरशी गुळगुळीत नको, आणि भिंतीच्या रंगाची तर नकोच, म्हणजे जमीन कुठं संपते ते दिसेल. दोन पानं झाली.
"बसूला नीट समजावून सांगा," म्हणाली. "असंच केलं की मला तिथं शिकायला काही न्हाई उरणार."
वाचून दाखवायला लावलं. एका ठिकाणी चुकलं होतं, तिनं दुरुस्त केलं.

३ फेब्रु., रवि.
वहीतली पानं फाडून, तो कागद खिशात घेऊन बावड्याला गेलो. ओटा झालेला. उजव्या हाताला. बसूनं परवाच बांधला. खिडकीचा उजेड ओट्यावर पडावा म्हणून तिकडं घेतला म्हणे. दाराला सागवानी उंबरा बसवलाय, नेसरीहून लाकूड आणून. हाताला सिमेंटनं भेगा पडलेल्या. आठ दिवस तिथंच पोत्यांवर झोपतोय, दुपारी शेंगा-गूळ खातो. म्हणाला, "दाजी, कसं वाटतंय?"
मी म्हणालो, छान.
कागद खिशातच राहिला. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं. आत्ताच सांगितलं तर त्याचा उत्साह…
घरी आल्यावर शा.नं विचारलं, कागद दिला का. दिला म्हणालो. काय म्हणाला? म्हणाला, करतो.

१० फेब्रु., रवि.
सांगितलं नाही. बसू न्हाणीघराची पायरी घालत होता. पाणी बाहेर यायला नको म्हणून एक वीत उंच. गवंड्यासमोर कसं बोलायचं?

१३ फेब्रु., बुध.
कॅन्टीनमध्ये चहा घेताना शेजारच्या टेबलाच्या जोशींना विचारलं, एखादा माणूस फुकटात आपलं काम करतोय आणि ते चुकतंय, तर सांगावं का. ते म्हणाले, लगेच सांगावं. 

१७ फेब्रु., रवि.
फरशी आली. पांढरी, चकचकीत, तोंड दिसेल अशी. बसूनं गडहिंग्लजला चार दुकानं पालथी घातली. अक्काला उजेड पाहिजे म्हणून पांढरी, असं त्याचं गणित. भिंतीही पांढऱ्या. त्याचंही खरंच आहे, त्याला कुणी काही सांगितलंय का?
तिथं उभा असताना जमीन आणि भिंत कुठं मिळतात ते मलाच पटकन कळेना.

३ मार्च, रवि.
हे लिहायलाच पाहिजे.
संध्याकाळी शा. पलंगावर बसून हातवारे करत होती. काय चाललंय विचारलं. म्हणाली, नवीन घर पाठ करतोय. "दारातून आत आलं. डाव्या हाताला ओटा. न्हवं?"
हो म्हणालो.
"मग पाण्याची बादली ह्या टोकाला. बटण हितं. न्हाणीघर सरळ, पायरी न्हाई. बरोबर?"
बरोबर.
अर्धा तास माझ्याकडून घटवून घेतलं. जे घर कुठंच नाही ते ती पाठ करतेय, आणि मी हो हो म्हणतोय. आता रोज संध्याकाळी हेच करायचं म्हणते.

६ मार्च, बुध.
रोज. काल तिनं चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत किती पावलं विचारलं. मी आपला सहा म्हणालो. सहा कुठून आणले?

१२ मार्च, मंगळ. महाशिवरात्र
उपास. शा. म्हणाली, आज बावड्याला नेता का, एकदा हात लावून बघतो. मी फरशी ओली आहे म्हणालो. फरशी वाळून आठवडा झालाय.

१५ मार्च, शुक्र.
ऑफिस सुटल्यावर सरळ बावड्याला गेलो, आज सांगायचंच म्हणून. बसू नव्हता, दारांना रंग आणायला गेला होता. सुमन, त्याची बायको, नेसरीहून आलेली, फरशी पुसत होती. कमरेला पदर खोचून, गुडघ्यावर. म्हणाली, "अक्कांनी आल्या आल्या बघितलं की खूश व्हायला पाहिजे." बसू यायच्या आत निघालो.

२४ मार्च, रवि.
शुक्रवारी खरेदीखत झालं.  बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "बाबा असते तर मारलं असतं मला." मग रिक्षात बसले. माझ्या मनात आलं, मी नको म्हणालो असतो तर? अण्णांनी कदाचित ऐकलं असतं. त्यांनी कधी विचारलं नाही हे खरं, पण मी कधी सांगितलंय का?

३१ मार्च, रवि.
सामानाची बांधाबांध. शा.नं डबे स्वतः पोत्यात भरले, प्रत्येकाला वेगळी गाठ मारली, म्हणजे उघडताना कळावं. अण्णा-वैनी काल बेळगावला गेले. वैनी शा.च्या गळ्यात पडून रडली. शा. रडली नाही. तिला जायची घाई झाल्यासारखी वाटली. तिकडं सगळं पाठ आहे ना.

७ एप्रिल, रवि.
आलो. सगळं झालं.
टेम्पोतून उतरल्यावर बसू आणि सुमन दारात उभे, ताटात कुंकू, दारावर आंब्याचे डहाळे. शा.नं माझा हात सोडला. म्हणाली, मला जाऊ द्या. उंबऱ्याला ठेचकाळली. सावरली. आत चार पावलं टाकली आणि डावा हात पुढं केला.
भिंत.
हात भिंतीवर तसाच राहिला. वर सरकवला, खाली सरकवला. मग उजवीकडं वळली आणि ओट्याची कड लागली.  बसूला वाटलं, ती घर चाचपून खूश होतेय. म्हणाला, "अक्का, उजेड बघ किती हाय."
शा. म्हणाली, "लई चांगलं केलंस बसू. माझ्यासाठी एवढं कुणी केलं न्हवतं."
त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सुमनच्याही.
ते दोघं संध्याकाळच्या गाडीनं गेले. मग ती पलंगावर बसली. 
"कागद दिलाच न्हाईसा न्हवं तुम्ही."
नाही म्हणालो.
"मग मला महिनाभर काय शिकवत होता?"
 तिनं परत विचारलं नाही.

८ एप्रिल, सोम.
रजा काढली. तिला हाताला धरून सगळीकडं फिरवलं. ती फिरली, पण काही लक्षात ठेवत नव्हती. पाठ केलेलं डोक्यातून जात नाही म्हणाली. डावीकडंच वळते.

९ एप्रिल, मंगळ.
सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना पायरीवरून पडली. मी दाढी करत होतो. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर. दीड महिना म्हणाले. ज्या हातानं सगळं बघते तोच हात.
रिक्षात म्हणाली, "तुम्ही पायरी न्हाई म्हणाला होता."

११ एप्रिल, गुरु.
बसू आला. त्याला मीच सांगितलं. कागद काढून दिला, पाकिटात ठेवून घड्या फाटायला आलेल्या. त्यानं उभ्यानंच वाचला. दोन्ही पानं. मग खाली बसला.
"दाजी, एक शब्द बोलला असता तर. मला काय, हिकडच्या विटा तिकडं."
मी म्हणालो, तू एवढं करत होतास, मला संकोच वाटला.
"माझा संकोच वाटला. अक्काचा न्हाई वाटला?"
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

१३ एप्रिल, शनि. पाडवा
गुढी उभारली. शा. बाहेर आली नाही. बसूनं सकाळीच छिन्नी-हातोडा काढला, पायरी फोडायला. शा. आतून म्हणाली, राहू दे बसू. तो थांबला नाही. पायरी गेली, उंबराही उपटला. तो ज्या हातानं घासून गुळगुळीत केला होता त्याच हातानं. मग ओट्याकडं वळला. तेव्हा ती उठून आली आणि ओट्यावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आज सणाचं मोडू नकोस. मला नेसरीला घेऊन चल. प्लास्टर निघूपर्यंत."
पिशवी मी भरली. कुठलं पातळ पाहिजे विचारलं तर म्हणाली, कुठलंही.
चारच्या एस.टी.नं गेले. सीट मीच धरून दिली, ओळखीचा कंडक्टर होता. गाडी हलताना ती खिडकीच्या विरुद्ध बाजूला बघत होती. मी कुठं उभा आहे ते तिला दिसलं नसेल. की…

२८ एप्रिल, रवि.
गवंडी आला. ओटा फोडला, डाव्या हाताला नवा घातला. कागद समोर ठेवून काम करून घेतलं, प्रत्येक माप दोनदा. गवंडी म्हणाला, आधी का न्हाई सांगितलं. फरशीवर काळ्या पट्ट्या मारायच्या आहेत, भिंतीच्या कडेनं.
जुन्या घरावरून गेलो. पुढची भिंत पाडलीय. आमचं स्वैपाकघर रस्त्यावरून दिसतं, ओट्यावरचा तेलाचा डाग दिसतो. लोक चाललेले, कुणी बघत नाही.

५ मे, रवि.
बटणं खाली घेतली. पट्ट्या मारल्या. गुळगुळीत फरशी सोडली तर सगळं कागदाप्रमाणं झालं. घरात मी एकटा. भात लावला, करपला.

१२ मे, रवि.
नेसरीला फोन लावला. शेजारच्यांच्या घरी फोन आहे, तिला बोलवायला माणूस गेला. वाटलं, कुणीतरी हाताला धरून आणेल, वेळ लागेल. दोन मिनिटांत आली. एकटी आली. म्हणाली, विहिरीकडनं यायची वाट लहानपणापासनं पायाखालची हाय, इथं मला सगळं दिसतंय. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. सुमनबरोबर शेंगा फोडत बसते. मैत्रिणीकडं एकटी जाऊन आली. आवाज असा मोकळा होता, किती वर्षांनी ऐकला.
मी ओट्याचं सांगितलं. पायरीचं, पट्ट्यांचं, सगळं.
"चांगलं केलंत," म्हणाली.
मग कधी येतेस, ते मला विचारता आलं नाही. तिनंही सांगितलं नाही. लाईनवर खरखर होती, आणि मागं बसू कुणाला तरी हाक मारत होता. जपून राहा, म्हणाली.

१९ मे, रवि.
गॅस कंपनीचा माणूस आला, नवीन पत्त्यावर कार्ड करायला. कनेक्शन शा.च्या नावावर. म्हणाला, "पावणं, बाईंची सही लागंल. घरात हाईत न्हवं?"
गावाला गेल्यात म्हणालो.
म्हणाला, मग नाव तुमचंच लावू का, सोपं पडंल.
नको म्हणालो. तिचंच राहू दे. फॉर्म ठेवून जा.