बाबांची दाढी

प्रिय धाकट्या,

तुझं पुस्तक मिळालं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तू रोज त्यांची दाढी करायचास, ती कविता वाचली. शेजारच्या काकूंना तर रडू आलं. म्हणाल्या, "मुलगा असावा तर असा." मी चहा ओतत राहिले.

तू तेव्हा परगावी होतास. दाढी मी करायचे. हनुवटीला ब्लेड लागल्याचंही मीच तुला फोनवर सांगितलं होतं. रक्ताचा तो थेंबसुद्धा तू उचललास.

खरं तर तुझी हजेरी घ्यायलाच बसले होते, पण एक गोष्ट आड येते. बाबांना दिसेनासं झालं, तसे ते तुलाच हाका मारायचे. माझा हात लागला की तोंड फिरवायचे. मग मी तुझ्यासारखी शीळ घालत साबण लावायला लागले. ते लगेच हनुवटी वर करायचे, "आलास?" म्हणायचे. मी शीळ चालूच ठेवायचे.

म्हणजे तुझी कविता खोटी आहे असं म्हणायला बाबासुद्धा माझ्या बाजूने उभे राहिले नसते.

हे पत्र पाठवत नाही. पाठवलं, तर पुढच्या पुस्तकात शीळही तूच घालशील.

तुझी,
ताई