परक्या कुरणावर चरणाऱ्या माझ्या दोन देवमाशांच्या शिरगणतीस जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
सीमापार वाहन व पशुवाहतूक परवाना कार्यालय,
नदीकाठ, पुएर्तो कारान्दा, पराग्वे.

अर्जदार: सौ. देओलिंदा फ्रेतेस दे ओवेलार, वय ६३, निवृत्त दूधगाडी चालक, रा. जुन्या कापूस गोदामामागे, पुएर्तो कारान्दा.

विषय: परदेशी कुरणावरील जनावरांच्या शिरगणतीसाठी गाडी सीमेपार नेण्याचा परवाना तीन दिवसांत मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझा दि. ४ जुलैचा अर्ज (त्यात मला फक्त फिरायला जायचे होते).
२) आपली दि. २९ जुलै, २१ ऑगस्ट व १८ सप्टेंबरची पत्रे.
३) आपल्याच खिडकीशेजारी टांगलेल्या नियमावलीतील नियम ३१.

महोदय,

१. हा माझा चौथा अर्ज आहे. पहिल्या तीन अर्जांत मी 'कृपया' हा शब्द एकूण सतरा वेळा लिहिला आणि त्याचा उपयोग काय झाला ते आपण जाणताच. म्हणून ही नोंद सोडली तर या अर्जात तो शब्द एकदाच येईल. कुठे येईल ते मी ठरवीन.

२. माझे पती श्री. एलिओदोरो ओवेलार यांनी या गावच्या शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवला. आपल्या कार्यालयातील निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी आहेत, हे मी शरमेने नमूद करते. दरवर्षी समुद्राचा धडा आला की ते खडूने फळाभर देवमासा काढीत. शेपूट फळ्यावर मावत नसे, म्हणून ती भिंतीवर काढीत, आणि मग मुख्याध्यापिका रागावत. दरवर्षी कोणीतरी विचारायचेच, "गुरुजी, तुम्ही पाहिलाय का?" आणि ते सांगायचे, "अजून नाही." आपल्या देशाला समुद्र नाही, यात त्यांचा दोष नाही. गेल्या वर्षी काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा गेला. डाव्या डोळ्याची नजर कडेने आक्रसत चालली आहे. समोरचे थोडेसे दिसते, तेही जवळ आणि मोठे असेल तर. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले आहे की नव्या वर्षाचा भरवसा धरू नका. देवमासा मोठा असतो. अर्जेंटिनाच्या दक्षिणेला एका किनाऱ्यावर भरतीच्या वेळी मादी पिल्लाला घेऊन वाळूपासून हाकेच्या अंतरावर येते. म्हणजे जवळही असतो. पण डिसेंबरात त्या निघून जातात. माझी सगळी घाई एवढीच आहे.

३. हा प्रवास आम्ही एका रात्रीत ठरवलेला नाही. मार्चपासून जूनपर्यंत आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलेला होता आणि आम्ही चार महिने ताटे मांडीवर घेऊन जेवलो. एकवीस दिवस, साडेपाच हजार किलोमीटर. पहिला मुक्काम इबेराच्या दलदलीत. तिथे मुंगीखाऊ दिसतो. मग सरळ दक्षिणेला, वाटेत उंटाच्या जातीच्या ग्वानाकोंचे कळप, मग समुद्र, देवमासे आणि पेंग्विन, आणि परतताना वाट वाकडी करून डोंगरात एक कोंडोर गिधाड. दिवसाला चारशे किलोमीटरच्या वर चालवायचे नाही आणि सूर्य मावळला की गाडी उभी करायची, कारण ग्वानाको रस्त्यात उभे राहतात आणि हटत नाहीत. दोन जादा चाके, इंधनाचे दोन कॅन, बर्फाच्या पाण्यातल्या तेरेरे चहाची पाने सहा किलो. पुढे तपासणीनाक्यावर मांस आणि फळे काढून घेतात, म्हणून मांस भरलेला चिपा पाव तीन दिवसांपुरताच भाजायचा आणि नाक्याआधी संपवायचा, हेसुद्धा ठरलेले होते. मी सव्वीस वर्षे चिखलातून दुधाची गाडी हाकली आहे. नवरा भिंग लावून नकाशावरून रस्ता सांगणार आणि मी तो ऐकणार नाही, हा आमच्या संसाराचा जुना नियम आहे.

४. घोडे पेंड खाते ते इथे. आपल्या अर्जावर 'प्रवासाचा हेतू' लिहायला बोटभर जागा आहे. इतर लोक तिथे 'पर्यटन' लिहून मोकळे होतात. माझा नवरा मास्तर आहे. त्यांनी स्वतंत्र कागद जोडला, शाईच्या पेनाने रकाने आखले: प्राणी, संख्या, ठिकाण, महिना. देवमासा, आई व पिल्लू, २. ग्वानाको, १२. पेंग्विन, ४००. मुंगीखाऊ, १. कोंडोर, १. वर ठळक अक्षरांत मथळा होता: 'आमच्या आयुष्यात पाहायचे राहून गेलेले प्राणी'. दि. ४ जुलै रोजी सकाळी दहा वाजता मी तो कागद खिडकीवर दिला. त्या वेळी आपले कर्मचारी श्री. लिसान्द्रो फ्लेइतास व मंडळी गोल करून तेरेरे पीत बसली होती. मलाही एक घोट मिळाला, ते मी नाकारत नाही. पण बर्फाच्या पाण्याचा जग श्री. फ्लेइतास यांनी माझ्या डोळ्यांदेखत त्या कागदावर ठेवला. मथळा धुऊन गेला. रकाने तेवढे राहिले. आणि ज्या कार्यालयात वर्षानुवर्षे फक्त गुरांचे ट्रक नोंदवले जातात, तिथे 'प्राणी' आणि 'संख्या' असे दोन रकाने दिसल्यावर कागद कोणत्या फायलीत जाणार? गुरांच्या.

५. आपल्या २९ जुलैच्या पत्रात सर्व ४१६ जनावरांच्या मांडीवरील मालकाच्या डागाचा नमुना आणि लाळ्या-खुरकूत लसीचे दाखले मागितले आहेत. आमच्या मुलखात डाग नसलेले जनावर म्हणजे चोरीचे जनावर, हे मला शिकवू नये. माझ्या वडिलांच्या बाराही गाईंवर डाग होता. पण देवमाशाला मांडी नसते, महोदय. ज्याला खूरच नाही त्याला खुरकूत कुठून होणार? मी हे खिडकीवर जाऊन सांगितले. श्री. फ्लेइतास म्हणाले, "दोन्या देओलिंदाबाई, चिडू नका हो. लस टोचली नसेल तर 'टोचली नाही' असं लिहून द्या, दंड लागेल, विषय संपेल." मग जरा गंमत म्हणून विचारले, "काय हो, देवमासा दूध देतो का?" मी रागाच्या भरात म्हणाले, "देतो, तुझ्या आजीच्या म्हशीपेक्षा जास्त!" हे खरे आहे, नवऱ्याने सांगितलेले आहे. पण श्री. फ्लेइतास यांनी ते लिहून घेतले. दुसऱ्या पत्रात माझे देवमासे 'दुभती जनावरे' म्हणून नोंदलेले आहेत.

६. त्याच २१ ऑगस्टच्या पत्रात आणखी दोन हरकती आहेत. माझ्या गाडीची वहनक्षमता सातशे किलो असताना सदर जनावरे तीत कशी बसवणार, आणि पिल्लाचे दूध कोणत्या तारखेला तोडले. इथे माझी चूक झाली, ती मी कबूल करते. मी रात्रभर तळमळले आणि सकाळी एका ओळीचे उत्तर लिहिले: "माझे देवमासे आहेत तिथे सुखाने चरत आहेत, तुम्ही त्यांची काळजी करू नका." माझ्या माहेरी असे बोलले की माणूस गप्प बसतो. आपल्या कार्यालयाने त्यावर शिक्का मारला आणि शेरा लिहिला: 'जनावरे परदेशी कुरणावर असल्याचे व स्वतःच्या मालकीची असल्याचे अर्जदारास मान्य.'

७. दि. ११ सप्टेंबर रोजी निरीक्षक श्री. वेनान्सिओ ब्रितेस गोठा पाहायला आमच्या घरी आले. गोठा नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांनी कोंबड्यांचे खुराडे मोजले, न्हाणीघर उघडून पाहिले, पाण्याच्या टाकीत विजेरी मारली. मग नवऱ्याला विचारले, "गुरुजी, हे चारशे पक्षी खातात तरी काय?" निवृत्तीला सात वर्षे झाली, इतक्या दिवसांत त्यांना प्राण्यांबद्दल कोणी काही विचारले नव्हते. त्यांचा चेहरा उजळला. चाळीस मिनिटे ते पेंग्विनांवर बोलले, वहीत चित्र काढून दाखवले, आणि शेवटी श्री. ब्रितेस यांनी पुढे केलेल्या कागदावर आनंदाने सही केली. तो त्यांचा जबाब होता. 'चाऱ्याची तजवीज: मासे. जनावरे अज्ञात ठिकाणी हलवली आहेत.' १८ सप्टेंबरच्या पत्राने माझ्या गाडीला सीमेवर मनाई झाली.

८. तेव्हापासून मला बाजारात जायची सोय राहिलेली नाही. मांसवाला हाक मारतो, "दोन्या, देवमासे बांधलेत कुठं? न्हाणीत का?" पाववाली म्हणते, "अगं, पिल्लू तरी दाखव एकदा!" मी त्यांना तोंडास तोंड देते, जीभ माझी आहे, कोणाच्या परवान्याची नाही. परंतु त्या पत्राच्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने टेबलावरचा नकाशा उचलला, चाचपत चाचपत नीट घडी घातली आणि कपाटात ठेवला. म्हणाले, "जाऊ दे, देओ. चौतीस वर्षं मी तो खडूनंच पाहिलाय. तेवढा पुरे." महोदय, मी त्यांना चाळीस वर्षे ओळखते. ते खोटे बोलत होते. त्या रात्री मी रडले आणि तेव्हापासून जो संताप अंगात आहे तो उतरलेला नाही. आपल्या एका ओल्या जगाने एका माणसाचा समुद्र पुसला, आणि आपण मला दूध तोडल्याची तारीख विचारता!

९. गेल्या मंगळवारी मी खिडकीसमोर तीन तास उभी होते, कारण आत तेरेरेचा गोल चालू होता. उभ्या उभ्या भिंतीवरची नियमावली वाचली. चाळीस वर्षांत ती वाचणारी बहुधा मी पहिलीच. नियम ३१ असा आहे: 'ज्या मालकाची जनावरे परदेशी कुरणावर असतील त्याने वर्षातून एकदा, ३० नोव्हेंबरपूर्वी, स्वतः जाऊन शिरगणती करावी. जनावरे ओळखणारा एक मोजणीदार सोबत न्यावा. गणती डोळ्यांनी पाहूनच करावी. ऐकीव आकडा ग्राह्य धरला जाणार नाही. अशा मालकाच्या वाहनास अन्य कारणाने मनाई असली तरी ती या कामापुरती उठवून परवाना तीन दिवसांत द्यावा. न दिल्यास गणती चुकल्याची जबाबदारी विभागप्रमुखाची राहील.'

१०. मी तीन महिने ओरडून सांगत होते की ही जनावरे माझी नाहीत. आता सांगत नाही. आपल्या दप्तरात ती माझी आहेत, शिक्क्यासह. मी दोन देवमाशांची, बारा ग्वानाकोंची, चारशे पेंग्विनांची, एका मुंगीखाऊची आणि एका कोंडोरची रीतसर मालकीण आहे आणि या वर्षीची शिरगणती अद्याप झालेली नाही. सबब माझी मागणी अशी:

(अ) नियम ३१ नुसार माझ्या गाडीची मनाई उठवून तीन दिवसांत परवाना द्यावा.

(आ) मोजणीदार म्हणून श्री. एलिओदोरो ओवेलार यांच्या नावाची नोंद घ्यावी. पुएर्तो कारान्दात सदर जनावरे ओळखणारा दुसरा माणूस नाही, हे श्री. ब्रितेस यांच्या कागदावरून सिद्ध आहे.

(इ) परत आल्यावर गणतीचा तक्ता मी स्वतः खिडकीवर आणून देईन. त्या वेळी टेबलावर जग नसावा.

आणि माझे म्हणणे मान्य नसेल, तर ही जनावरे माझी नाहीत असे आपल्या सहीने लेखी द्यावे, म्हणजे मूळ अर्जाप्रमाणे नुसते फिरायला जाता येईल. दोन्हीपैकी काहीही चालेल. दोन्ही नाही म्हणाल, तर मी माझी खुर्ची आणि नवऱ्याची खुर्ची घेऊन आपल्या खिडकीसमोर बसेन, आणि ते रोज दहा वाजता आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर खडूने देवमासा काढतील. शेपटीसकट.

११. एक गोष्ट मी रागाशिवाय लिहिते. काल मी नकाशा कपाटातून काढून पुन्हा टेबलावर पसरला. त्यांनी भिंग घेतले आणि समुद्र शोधू लागले. जूनमध्ये तो त्यांना लगेच सापडत असे. काल मी त्यांचे बोट धरून तिथे नेले. आपला नियम सांगतो की गणती डोळ्यांनीच व्हायला हवी. नव्या वर्षात माझ्या मोजणीदाराला लाटा ऐकू येतील, देवमाशाचा श्वाससुद्धा ऐकू येईल, पण ऐकीव आकडा आपल्याला चालत नाही. मलाही चालत नाही.

म्हणून आता तो शब्द लिहिते. कृपया.

आपल्या दप्तराप्रमाणे ४१६ जनावरांची मालकीण,
आणि एका भूगोलाच्या मास्तरांची बायको,

(सही)
देओलिंदा फ्रेतेस दे ओवेलार
पुएर्तो कारान्दा, दि. ९ ऑक्टोबर

सोबत:
१) मूळ तक्त्याची प्रत. जगाचा गोल डाग स्पष्ट दिसतो.
२) आपल्या तिन्ही पत्रांच्या प्रती.
३) नियम ३१, भिंतीवरून हाताने उतरवून घेतलेला.
४) २९ जुलैच्या पत्रात मागितलेला डागाचा नमुना: देवमासा, खडूने, काळ्या कागदावर. श्री. ओवेलार यांनी काल काढला. शेपूट डोक्यापासून थोडी सुटी पडली आहे, कारण त्यांना कागदाची कड दिसली नाही.
५) डॉक्टरीणबाईंचे पत्र. हे आधी वाचावे.