बेचाळीस ग्रॅम

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? माझी तब्येत उत्तम. कोणी विचारली नाही, पण उत्तर तयार असलेलं बरं.

पाच महिन्यांत तुझं पत्र नाही. कारण ठाऊक आहे. तुझ्या घरी नाश्त्याला बसलो असताना मी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचा साखरेचा आकडा मोठ्याने वाचला आणि तुझ्या धाकट्यासमोरचा वाडगा उचलून घेतला. तो रडला, तू त्याला घेऊन आत गेलीस. पण पोषण खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाने दुसरं काय करायचं? असो.

आमच्याकडे नवा नियम झाला. गोड नाश्त्याच्या खोक्यांवर एका माणसाच्या एका वेळच्या खाण्यात साखर किती, ते ठळक छापायचं. कंपन्या म्हणाल्या, एक माणूस चारच चमचे खातो, म्हणजे साखरही थोडीच. (चार चमचे तर आमचा शिपाई खोकं उघडताना सांडतो.) मग साहेबांनी फर्मान काढलं : प्रत्येकाने आठवडाभर आपल्या वाडग्यातल्या कॉर्नफ्लेक्सचं वजन करून आणावं. कागद आले. टायपिस्टबाईंच्या वाडग्यात पोरं हात घालतात, वर पोरांचं उरलेलं त्याच संपवतात. त्यांचा आकडा रोज वेगळा. साहेबांच्या वाडग्यातलं निम्मं बाईसाहेब त्यांची नजर चुकवून परत खोक्यात ओततात. (साहेबांना हे वजन पाहून कळलं. दोन दिवस त्यांनी डबा आणला नाही.) माझा एकट्याचा आकडा सातही दिवस सारखा : बेचाळीस ग्रॅम.

साहेब म्हणाले, "इतकं शुद्ध मोजमाप मी नोकरीत पाहिलं नाही. तुमच्या वाडग्याला कुणीच हात लावत नाही का हो?"

मी म्हटलं, नाही साहेब.

"वा," ते म्हणाले, आणि सही केली.

आता प्रत्येक खोक्यावर एका वेळचं खाणं म्हणून बेचाळीस ग्रॅम छापतात. दुकानात कोणी वाचत उभं राहिलं की मला उगाच वाटतं, तो माझ्या स्वयंपाकघरात डोकावतोय. ऑफिसात माझं नावच पडलंय. "काय बेचाळीस, चहा घेणार?" घेतो. कोणी विचारलं की मी घेतोच.

लोकांना सल्ला देणारं पत्रकही मीच लिहिलं. शेवटचं कलम होतं : नाश्ता शक्यतो घरच्यांसोबत बसून करावा. साहेबांनी विचारलं, याला आधार काय? आधार माझ्याकडे नव्हता. खोडलं.

भावोजींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद (तो घेत असेल तर).

तुझा,
भाऊ

ता. क. : बेचाळीस हे वाडग्यात घातलेलं वजन. खाल्लं किती, हे फॉर्मवर विचारलं नव्हतं. निम्म्याहून जास्त मी रोज टाकून देतो. कुणाला सांगू नकोस. सगळी खोकी नव्याने छापावी लागतील.

ता. क. २ : पुढच्या आठवड्यात तीन दिवस रजा मिळते आहे. येऊ का? खोक्यावरचं काही वाचणार नाही. वाटल्यास चष्मा इथेच ठेवून येतो. मग मात्र स्टेशनवर कुणालातरी घ्यायला यावं लागेल.