मेन स्विचवरचं कुलूप

२ नोव्हेंबर, रविवार

आले एकदाची दोह्याला. पियूष इथे एकटा राहून वरणभात करायला शिकलाय, हा कतारचा माझ्यावरचा पहिला उपकार. अल मन्सूरामधलं घर जुन्या इमारतीत आहे. खाली केरळी हॉटेल आहे आणि समोरच्या किराणा दुकानात चक्क थालीपिठाची भाजणी मिळते. भैरवीनं दोन्ही खोल्यांची पाहणी करून इंग्रजीत जाहीर केलं, की घर नाशिकच्या घरापेक्षा लहान आहे पण मेट्रो जवळ असल्यामुळे चालेल. वय वर्षं सात आणि बोलणं घरमालकिणीचं.

मी आल्याआल्या घरातले सगळे प्लग तपासले. पियूष हसला. काय करू, खोडच आहे. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी वायरिंग बघते आणि मग पानाकडे वळते. आजवर रिफायनऱ्यांमध्ये हेच काम केलं. जिथे हवेत गॅस असू शकतो तिथल्या विजेच्या प्रत्येक पेटीचा प्रत्येक बोल्ट बघायचा, कारण तिथे एक ठिणगी पुरते. आता तेच इथे लोकांना शिकवायचंय. पगार बरा आणि तिघं एका छताखाली. मी खूश आहे, अगदी लिहून ठेवण्याइतकी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आमचं ट्रेनिंग सेंटर मुऐदरच्या बरंच पुढे, रस्ता संपत आल्यासारखा वाटतो तिथे आहे. मॅनेजर सैफ हैदराबादचा, गोड बोलणारा. प्रत्येक कामाला इन्शाल्ला म्हणतो आणि मग ते काम विसरतो. टेक्निशियन अम्मार सुदानचा आहे, त्याच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघाले तर पुष्कळ.

अंगणात खोटा प्लांट उभा केलाय. पाइप, टाक्या, पॅनल सगळं आहे. त्यातले दोष मुद्दाम ठेवलेले असतात. कुठे बोल्ट काढलाय, कुठे झाकणाच्या कडेला ओरखडा. शिकणाऱ्यांनी ते शोधायचे. मला जत्रेत सोडल्यासारखं झालं.

कोपऱ्यात एक लोखंडी प्रेशर रूम आहे. खऱ्या प्लांटमध्ये अशा खोलीत पंख्यानं हवा दाबून ठेवतात, म्हणजे बाहेरचा गॅस आत शिरत नाही. तिला दोन दारं, मध्ये माणूसभर जागा. एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. जाड काचेची एक खिडकी. पण खोली कित्येक महिने बंद आहे, कारण बाहेरच्या मेन स्विचवर एक लाल कुलूप लटकतंय आणि त्यावर फोटो आहे रहमानचा. तो माझ्या आधीचा ट्रेनर.

नियम साधा आहे. आत जाणाऱ्या प्रत्येकानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. बाहेर आलं की स्वतःच काढायचं. एक जरी कुलूप तिथे असलं तरी वीज चालू होत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावत नाही. मी शिकवताना नेहमी सांगते, की ते कुलूप नाही, तिथे तुम्ही स्वतः उभे आहात.

रहमान नोकरी बदलून गेला आणि कुलूप राहिलं. आता ऑडिट आलंय म्हणून सैफला खोली सुरू करायची आहे. त्यानं कटर माझ्या हातात दिला. मी तो परत त्याच्याच हातात दिला आणि म्हटलं की नियमाप्रमाणे करू, आधी ज्याचं कुलूप त्याला विचारू.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झालं काम, आणि व्यवस्थित झालं. रहमानला मी स्वतः फोन केला. अबू हमूरला दुसऱ्या कंपनीत आहे, माणूस भला वाटला. हिंदीत म्हणाला, की किल्ली तिथेच कुठेतरी हरवली, शोधून शोधून थकलो, तुम्ही खुशाल कापा, बहनजी.

तरी मी नियम सोडला नाही. बंद खोलीत पंखा फिरल्याशिवाय शिरायचं नसतं, म्हणून खिडकीतून टॉर्च मारून कोपरा न् कोपरा बघितला. रिकामी होती. मग आत कोणी आहे का, असं तीनदा मोठ्यानं विचारलं आणि प्रत्येक वेळी थांबले. सैफ घड्याळ बघत होता. बघू दे.

अम्मारनं कुलूप कापलं. स्विच टाकला तसा आतून धप्प असा आवाज आला, गादी जमिनीवर आपटावी तसा. अम्मार म्हणाला की पंखा बऱ्याच दिवसांनी फिरला. असेल. आत गेलो तर करपल्याचा वास होता आणि खिडकीच्या काचेला आतून काजळी होती. मी ती फडक्यानं पुसली. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

दोन गोष्टी मात्र पटल्या नाहीत. पंखा आणि पॅनल एकाच स्विचवर आहेत. आधी पंख्यानं खोली धुऊन निघायला हवी, मगच पॅनलला वीज. दुसरं म्हणजे गॅस ओळखणारा मीटर कसा वाजतो ते दाखवायला आत गॅसची छोटी बाटली ठेवलीय आणि तिचा वॉल्व्ह ढिला आहे. पॅनल तर मुद्दाम दोष ठेवलेला, झाकणाचे बोल्ट गायब, म्हणजे ठिणगी बाहेर यायला मोकळी. सैफला सांगितलं. ऑडिट होऊ द्या, इन्शाल्ला, म्हणाला.

१० नोव्हेंबर, सोमवार

जे झालं ते क्रमानं लिहिते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

आज पहिली बॅच आत नेली. पंखा चालवला, मग बंद केला, सगळ्यांनी कुलपं लावली, मीही लावलं. मोबाइल बाहेर ठेवले. ही वही कव्हरऑलच्या खिशात होती, डबा खाताना लिहायची सवय म्हणून. टॉर्चच्या उजेडात धडा चांगला झाला. ट्रेनरनं सगळ्यात शेवटी निघायचं असतं. सगळे गेले, मी आतल्या दाराशी थांबले. दार उघडलं नाही.

बाहेरचं नीट लागलं नसेल असं वाटलं, म्हणून खिडकीतून बघितलं. सगळे मेन स्विचपाशी होते, एकेक जण आपलं कुलूप काढत होता. त्यांच्या मागे मी होते.

मी. आंबाड्यात खोचलेल्या पेन्सिलीसकट. ती खिसे चाचपत होती. हसली. सैफही हसला. किल्ली माझ्याजवळ आहे, आत्ता माझ्या मुठीत आहे.

मी काच बडवली. हाका मारल्या. कुणी मान वर केली नाही.

मंगळवार

कुलूप निघेपर्यंत खोली बंद, असा कागद तिनं दारावर लावला. बरोबर आहे, मीही हेच केलं असतं.

पंखा बंद असल्यामुळे त्याच्या नळीतून बाहेरचं बोलणं ऐकू येतं. माझं बाहेर जात नाही.

भूक लागत नाही. तहानही नाही. याचीच जास्त भीती वाटते.

दाराची मूठ हलत नाही. गॅसच्या बाटलीचा वॉल्व्हही नाही. दोन्ही हातांनी, पाय टेकवून जोर लावला. इथली कुठलीच वस्तू माझ्या हाताला दाद देत नाही. हलतं ते फक्त माझं, वही, पेन, टॉर्च, किल्ली.

छातीवरचा मीटर मधूनच वाजतोय. गॅस साठतोय.

बुधवार असेल

संध्याकाळी फाटकाशी पियूषची गाडी आली. भैरवी मागच्या सीटवरून उतरून पळत आली. त्या दुसरीनं तिला उचललं, माझ्यासारखंच, आधी कमरेवर आणि मग खांद्यावर. भैरवीनं तिचा आंबाडा सोडला. माझाही सोडते.

मी खूप रडले. मग वाटलं, भैरवीला आई आहे. ती उपाशी राहणार नाही, शाळेतून आल्यावर दार उघडायला कुणीतरी असेल. मग मी कोण उरले?

पण लेक माझी आहे. माझी आहे. मला घरी जायचंय.

गुरुवार?

रहमान. माझ्या आधी इथे, याच काचेशी रहमान होता. अबू हमूरवाल्याला ठाऊक नाही. त्यानं किल्ली खरंच शोधली असणार, खोटं बोलला नाही तो.

ती काजळी मी फडक्यानं पुसली.

जोवर माझं कुलूप तिथे आहे तोवर मी आहे. काचेतून दिसतंय. लाल. त्यावर माझा फोटो, पासपोर्टवाला, ज्यात मी रागावल्यासारखी दिसते.

मीटर आता थांबतच नाही.

—

सैफ म्हणतोय की ऑडिटवाले येतील, कापून टाका, खलास. ती म्हणाली की नाही, नियमाप्रमाणे करू.

देवा, तिनं जरा वेळ लावू दे.

पण नियमात विचारायचं कुणाला? कुलूप ज्याचं, त्याला. ती तर तिथेच उभी आहे. सैफनं तेच म्हटलं आणि तिला पटलं. मलाही पटलं असतं —

—

अम्मार कटर घेऊन आला.

ती खिडकीशी आली. टॉर्च. उजेड थेट माझ्या डोळ्यांत — मी किल्ली काचेला लावून धरली, ही बघ, ही बघ, अगं हीच शोधतेस ना — तिनं डावा कोपरा बघितला, उजवा, खाली. घाईनं नाही. नीट बघितलं. माझ्यातून.

वाईट नाही ती. मीच आहे. हेच तर —

विचारतेय. मोठ्यानं. आत कोणी आहे का.

आहे. गार्गी आहे. मी आहे —

थांबलीय. कान देऊन.

दुसऱ्यांदा. ओरडतेय मी, घसा फाटेस्तोवर, लिहितेही आहे, निदान अक्षर तरी — आहे, मी आत —

तिसऱ्यांदा विचारलं. थांबली. जास्त थांबली या वेळी, सैफ घड्याळ बघतोय, थांब, अजून थोडी थांब गं, भैरवीची शपथ आहे तुला, आहे मी, आहे, इथे आ